थेंब टाकण्याआधी बाहुली बघा

नेत्रशिबिराचा रिवाज ठरलेला आहे. नाव नोंदवायचं, तक्ता वाचायचा, मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळे मिटून बाकावर बसायचं. मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रियेची तारीख, नाहीतर चष्म्याचा नंबर. सांगली जिल्ह्यातल्या जतसारख्या तालुक्यात या शिबिरांनी कित्येक म्हाताऱ्यांना पुन्हा दिसू लागलं, हे कुणी नाकारणार नाही. २०१७ मध्ये राज्यानं मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्राची मोहीमही काढली. पण थेंब पडले की डोळ्याची एक साक्ष पुसली जाते. पसरलेली बाहुली उजेडाला दाद देत नाही आणि त्या दादेतच काचबिंदूची खूण दडलेली असू शकते.

काचबिंदूत डोळ्याची नस झिजते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. बहुतेकदा दुखत नाही, सुरुवातीला फक्त कडेची नजर जाते, म्हणून माणूस बेसावध राहतो. मदुराईच्या अरविंद संस्थेनं दक्षिण तमिळनाडूतल्या खेड्यांत पाहणी केली तेव्हा सर्वसाधारण प्रकारच्या काचबिंदूच्या दहापैकी नऊ रुग्णांना आपल्याला तो आहे हेच माहीत नव्हतं.

यावर एक फुकटातली तपासणी आहे. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर न्यायचा. निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या आकसलेल्या राहतात. एका डोळ्याची नस अधू असेल तर झोत तिथं येताच बाहुल्या उलट पसरतात. पॉल लेव्हाटिन यांनी १९५९ मध्ये मांडलेली ही रीत आजही डॉक्टर वापरतात. तिची मर्यादाही स्पष्ट आहे: दोन्ही नसा सारख्याच झिजल्या असतील तर फरक दिसणार कुठून?

ही उणीव भरायला बाहुली मोजणारी यंत्रं कामी येऊ शकतात. डोळ्याच्या पडद्यात निळ्या उजेडाला थेट जागून बाहुली आकसवणाऱ्या काही पेशी आहेत, त्या या शतकाच्या सुरुवातीला उमगल्या. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की काचबिंदू जितका वाढलेला, तितकी प्रखर निळ्या उजेडावर बाहुली कमी आकसते. पुढं त्यांनी हातात धरायचं यंत्रही तयार केलं.

जतला याचं अप्रूप का वाटावं? काचबिंदूची नेहमीची चाचणी म्हणजे दृष्टिक्षेत्राची. ठिपका चमकला की बटण दाबायचं. तालुक्याच्या कर्नाटक सीमेकडच्या गावांत घरची बोली कन्नड, तपासणारा मराठी, समोर कधी शाळेचं तोंड न पाहिलेली सत्तरीची आजी. ती दमते, गोंधळते, चुकून दाबते. बाहुलीला मात्र काही विचारावं लागत नाही.

तरीही यंत्रावर भाळून चालणार नाही. वयानं बाहुली लहान होते, जुन्या मधुमेहानं मंदावते, काही औषधांनी आकसते. सुरुवातीचा काचबिंदू तर यंत्राच्याही नजरेतून सुटू शकतो. तेव्हा डोळ्याचा दाब आणि नसेची तपासणी टाळून नुसत्या बाहुलीवर निदान करणं म्हणजे रुग्णाशी खेळ. बाहुलीनं फक्त संशयित निवडावेत.

आणि निवडल्यावर पुढं काय? काचबिंदूचे थेंब बहुतेकांना जन्मभर घालावे लागतात. जतहून मिरज-सांगलीला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे तर मधले काही महिने गावाबाहेरच जातात. औषध आणि फेरतपासणी तालुक्यातच मिळणार नसेल, तर ग्रामीण रुग्णालयात यंत्र आणून उपयोग फक्त उद्घाटनाच्या फोटोपुरता.

बॅटरीच्या झोताला मात्र निविदा लागत नाही. आरोग्य खात्यानं शिबिरांच्या नोंदपत्रात एक रकाना वाढवावा: थेंबांआधी बाहुली तपासली का? आणि चाळिशी ओलांडलेल्या, त्यातही आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असलेल्या वाचकांनी पुढच्या शिबिरात थेंब पडण्याआधीच हे डॉक्टरांच्या कानावर घालावं, नसेची तपासणी आवर्जून मागून घ्यावी.