मिसरूड आणि मौन

वणीच्या बसस्थानकावर गडावर जाणाऱ्या यात्रेकरूंची आणि नाशिकला निघालेल्या गावकऱ्यांची गर्दी बारमाही असते. अशाच एका भरलेल्या गाडीत घडलेला एक साधा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. एका मातेने आपल्या मुलासाठी अर्धे तिकीट मागितले. बारा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलास अर्धे तिकीट, हा सर्वांच्या परिचयाचा नियम. वाहकाने मुलाच्या ओठावरील काळसर रेषेकडे पाहिले आणि वय विचारले. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले, 'अहो, नवरदेवाला कसले अर्धे तिकीट?' सारी गाडी हसली. मातेने पिशवीतून शाळेचे ओळखपत्र काढून दाखविले, वाहकाने लगेच अर्धे तिकीट दिले आणि विषय तेथेच संपला. मुलापुरता मात्र तो संपला नव्हता. नाशिक येईपर्यंत त्याने ओठावरचा हात काढला नाही.

आपल्या समाजात केसांचे कौतुक थोडेथोडके नाही. मुलाचे जावळ काढायचे म्हणजे देवाचे दार, मामाची मांडी, नवे कपडे आणि आप्तेष्टांना जेवण. तान्ह्या मुलाच्या पहिल्या केसांसाठी सारे गणगोत गोळा होते. तोच मुलगा दहा-अकरा वर्षांनी आरशासमोर उभा राहून ओठावरची लव बोटाने चाचपतो, तेव्हा त्याच्याजवळ कोणी नसते. मामा नसतो, बापही नसतो. असते ती थट्टा. मुलीच्या वयात येण्याबद्दल आई, मावशी, अलीकडे शाळेतील बाईही चार शब्द बोलतात. तेही पुरेसे नाहीत, पण बोलतात. मुलाने मात्र सारे आपोआप समजून घ्यावे अशी आपली अपेक्षा असते. विशेष हे की, त्याच्या शरीरातील इतर बदल कपड्यांखाली झाकले जातात. मिसरूड तेवढे साऱ्या जगापुढे येते.

हे मौन केवळ अज्ञानातून आले असते तर ते दूर करणे सोपे होते, कारण या विषयाचे ज्ञान आज दुर्मीळ राहिलेले नाही. मुलांमध्ये वयात येण्याची क्रिया सर्वसाधारणपणे नवव्या ते चौदाव्या वर्षाच्या दरम्यान केव्हाही सुरू होते. मार्शल आणि टॅनर या संशोधकांनी १९७० साली इंग्लंडमधील मुलांच्या वाढीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निरोगी मुलांच्या वाढीचे वेळापत्रक किती भिन्न असू शकते हे स्पष्ट झाले. एकाच वर्गात, एकाच वयाची दोन मुले असतात. एक अद्याप बालक, तर दुसऱ्याचा आवाज फुटलेला. दोघेही निरोगी असतात. दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदारास हे समजावून सांगावे लागू नये. एकाच वेलीवरच्या घडांतही सारे मणी एकाच दिवशी पाणी उतरून गोड होत नाहीत, हे तो दर हंगामात पाहतो.

तथापि, 'होईल सर्व आपोआप' असे म्हणून हात झटकणेही योग्य नाही. ओठावर दिसणारी बारीक, मऊ लव बहुधा घराण्याची देणगी असते. बापाला किंवा मामाला लवकर मिशी आली असेल तर भाच्याला येण्यात नवल नाही. परंतु राठ, काळे केस ही वेगळी गोष्ट. वयात येण्याच्या क्रमात ते सहसा उशिरा, पहिल्या बदलांनंतर दोन-एक वर्षांनी येतात. म्हणून नऊ वर्षांच्या आत मुलाला मिसरूड फुटू लागले, काखेत किंवा जांघेत केस दिसले, आवाज घोगरा झाला किंवा उंची एकाएकी वाढू लागली, तर त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. दहाव्या-अकराव्या वर्षीही हे बदल झपाट्याने होत असतील, किंवा जोडीला डोकेदुखी अथवा दृष्टीची तक्रार असेल, तर तपासणी टाळू नये. मुलींच्या तुलनेत मुलांमध्ये अकाली वयात येण्यामागे मेंदूतील वा अधिवृक्क ग्रंथीतील दोष सापडण्याची शक्यता अधिक असते. तब्येत सुधारण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या, घटकांचा पत्ता नसलेल्या पुड्या मुलाच्या पोटात जात नाहीत ना, हेही पाहावे.

येथे आपल्या समजुती आड येतात. मुलगा वर्गात सर्वांत उंच झाला की बापाची छाती फुगते. अकाली वयात येणारा मुलगा आरंभी उंच दिसतो खरा; पण त्याच्या हाडांची वाढती टोके लवकर जुळतात, उंची थांबते आणि मोठेपणी तोच इतरांहून बुटका राहू शकतो. डाव्या हाताच्या पंजाच्या व मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते आणि गरज असल्यास इंजेक्शनांनी ही घाई काही काळ थोपविता येते. आपल्या मुलांची उंची कोणत्या वयात किती असावी याचे भारतीय तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली सुधारून प्रसिद्ध केले आणि त्या कामात पुण्यातील डॉक्टरांचा मोठा वाटा होता. हे ज्ञान आपल्या दारातले आहे. त्याचा उपयोग करावयाचा की मुलाला भिंतीशी उभे करून पेन्सिलीच्या रेघांवर समाधान मानावयाचे, हे पालकांनी ठरवावे.

बहुसंख्य मुलांच्या बाबतीत मात्र डॉक्टर 'सर्व ठीक आहे' असेच सांगतील. मग उरतो प्रश्न वस्तऱ्याचा. 'लवकर दाढी केली तर केस राठ आणि दाट येतात' ही समजूत घरोघर ऐकू येते. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ विदुषीने १९२८ सालीच ही गोष्ट तपासून पाहिली होती आणि दाढी केल्याने केसांच्या वाढीत फरक पडत नाही असे तिला आढळले. केसाचे नैसर्गिक टोक निमुळते असते. ते कापले की थोटके टोक हाताला टोचते, एवढेच. केस राठ होतात ते शरीरातील संप्रेरकांमुळे, पात्यामुळे नव्हे. तेव्हा मुलाला संकोच वाटत असेल तर दाढी करू द्यावी, वाटत नसेल तर आग्रह धरू नये. निर्णय त्याचा असावा. त्याला स्वतःचे साधन द्यावे, कोमट पाणी व साबण लावून केसांच्या दिशेने हलक्या हाताने कसे फिरवावे हे शेजारी उभे राहून दाखवावे. सलूनमध्ये नेल्यास नवे पाते घालण्याचा आग्रह धरावा. दुसऱ्याच्या रक्ताचा अंश लागलेल्या पात्यातून काविळीचे काही गंभीर प्रकार पसरू शकतात. जाहिरातींतील केस काढण्याची मलमे कोवळ्या कातडीवर न वापरणेच बरे.

परंतु या मुलांचा खरा काच कातडीचा नाही. मिसरूड फुटलेल्या मुलाकडे सारेजण मोठा माणूस म्हणून पाहू लागतात. चूक झाली की 'एवढा घोडा झालास' म्हणून त्याला इतरांहून अधिक बोलणी बसतात. मैदानावर त्याच्या जन्मतारखेबद्दल शंका घेतली जाते. आईजवळ झोपावेसे वाटले तर त्याला लाज वाटायला लावतात. वरच्या वर्गातील मुले त्याला आपल्यात ओढतात आणि तंबाखूची पहिली पुडी पुष्कळदा तेथेच हाती येते. चेहरा पंधरा वर्षांचा दिसला तरी आत मन अकरा वर्षांचेच असते, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

या मौनाला आपल्याकडे इतिहास आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ सालापासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचक न लाजता प्रश्न विचारीत आणि ते न लाजता उत्तरे देत. अशा उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी त्यांना दंड भरावा लागला. पुढे २००७ साली विधिमंडळात गदारोळ होताच शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम राज्य शासनाने थांबविला. ज्या समाजात उत्तर देणाऱ्याला दंड होतो, त्या समाजातील मुले प्रश्न विचारणे सोडून देतात आणि उत्तरे कोपऱ्यावरच्या टोळक्यात शोधतात. आज ती उत्तरे खिशातल्या मोबाइलवर मिळतात, आणि ती टोळक्याच्या उत्तरांहून शहाणी असतात असे नाही.

केंद्र शासनाने २०१४ साली दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात मुलग्यांचाही समावेश आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. पाचवी-सहावीतील मुलग्यांना वर्षातून एकदा, एखाद्या डॉक्टरांनी किंवा समजूतदार शिक्षकांनी तासभर वेगळे बसवून शरीरातील बदल समजावून सांगितले आणि प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहून घेतले, तर त्याला खर्च लागत नाही आणि नव्या फर्मानाचीही गरज नाही. वर्गात कोणाच्या चेहऱ्यावरून थट्टा होणार नाही, एवढी शिस्त तर मुख्याध्यापकांच्या हातची आहे.

घरचे काम मात्र घरानेच केले पाहिजे. बापाने एखाद्या संध्याकाळी, चारचौघांत नव्हे, मुलाला एवढेच सांगावे: 'मलाही असेच झाले होते. मलाही लाज वाटली होती. घाबरू नकोस.' बाप कामासाठी दूर असेल किंवा हयात नसेल तर मामाने सांगावे, आजोबांनी सांगावे. कोणीच पुरुष नसेल तर आईनेही निःसंकोच सांगावे. जावळाच्या वेळी ज्याने मुलाला मांडीवर घेतले, त्याचे नाते जेवणावळ उठताच संपत नाही. आता मुलगा मांडीवर मावणार नाही. त्याच्या शेजारी बसता येईल.