आमची फुलबाग : पिओनी
गुलाबासारख्या भरगच्च फुलांच्या पिओनीचा मोह पुण्या-नागपूरच्या वाचकांनी आवरावा, हे आरंभीच सांगितलेले बरे. हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी लाभल्याखेरीज ती फुलत नाही. मात्र काश्मीर, हिमाचल वा कुमाऊंच्या उंच भागात ज्यांचे बिऱ्हाड आहे, त्यांनी ती अवश्य लावावी. तिची एक पांढरी रानटी जात पश्चिम हिमालयातलीच आहे.

वर्षानुवर्षे नुसती पानेच येतात, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. बहुधा खोल लागवड हेच तिचे कारण असते. गड्डा शरद ऋतूत लावावा आणि त्यावरील लालसर डोळे मातीखाली ५ सेंटिमीटरांहून खोल जाऊ देऊ नयेत. थंडी बाधेल म्हणून वर मातीचा ढीग घालणे ही माया अनाठायी होय. खोल गेलेले झाड पुढच्या शरदात उकरून वर घ्यावे; एरवी ते हलवू नये. जागा उन्हाची व निचऱ्याची हवी. पुढे दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो. कळ्यांवरील मुंग्या मधुरसासाठी येतात, त्यांच्यावर औषध फवारू नये. वाळली पाने मात्र कापून बागेबाहेर टाकावीत. कळ्या करपविणारी बुरशी त्यांतच हिवाळा काढते.