हिरड्यांतून रक्त येतंय? ब्रश थांबवू नका, कारण समजून घ्या

सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये लालसर पाणी दिसले की घरोघरी ठरलेले उपाय सुरू होतात. कुणी 'ब्रश टोचला असेल' म्हणत दोन दिवस दात घासणेच सोडतो. कुणी बोटाने मंजन लावतो. अनेक घरांत मिशरीची डबी बाहेर निघते. डेंटिस्टची आठवण होते ती दात हलायला लागल्यावर. तोपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

हिरड्यांचा आजार सुरुवातीला सहसा दुखत नाही. रक्त येणे हाच त्याचा ठळक इशारा असतो आणि आपण नेमका तोच दाबून टाकतो.

रक्त का येते?

दातांवर दिवसभर जिवाणूंचा चिकट, जवळपास रंगहीन थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. तो वेळेवर निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कडक होतो. हेच किटण, म्हणजे टार्टर. ते ब्रशने निघत नाही. या थरामुळे हिरडी सुजते, लाल होते आणि हलक्या स्पर्शानेही रक्त येते. हा पहिला टप्पा, जिंजिव्हायटिस. तो पूर्ण बरा होऊ शकतो.

दुर्लक्ष झाले, तर काहींमध्ये सूज खोलवर जाते. हिरडी दातापासून सुटते, फटी पडतात आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. हा पेरिओडोन्टायटिस. उपचारांनी तो रोखता येतो, पण गेलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. कीड नसलेला, पांढराशुभ्र दातही मग हलू लागतो.

घासणे सोडले तर काय होते?

याचे उत्तर ६० वर्षांपूर्वीच मिळाले आहे. डेन्मार्कमध्ये संशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच सूज उतरली. हा प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्त येते म्हणून ब्रश थांबवणे म्हणजे आजाराला मोकळे रान देणे, हे त्यातून स्पष्ट होते. ब्रश मऊ घ्यावा, हात हलका ठेवावा, पण घासणे सोडू नये.

मिशरी: औषध नव्हे, तंबाखूच

महाराष्ट्रात या आजाराची चर्चा मिशरीशिवाय पूर्ण होत नाही. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड, म्हणजे मिशरी. ती दात साफ करण्यासाठी म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून अनेकदा लागते, कारण निकोटिनची सवय जडते. ग्रामीण महिलांमध्ये तिचा वापर विशेष आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात.

'मिशरी लावली की ठणका थांबतो' हा अनेकींचा अनुभव असतो. मात्र थोडा वेळ बरे वाटले म्हणून आजार बरा होत नाही. तंबाखूमुळे हिरड्या मागे सरकतात, मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास १९९२ पासून देशात बंदी आहे. मात्र घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिशरीपर्यंत हा नियम पोहोचत नाही. तिथे घरातल्यांनी बोलण्याची आणि आरोग्य केंद्रात प्रत्येक महिलेला 'मिशरी लावता का?' असे न चुकता विचारण्याची गरज आहे.

'दात साफ केले की ढिले होतात' हे खरे आहे का?

नाही. स्केलिंगमध्ये दातावरचे किटण काढले जाते, दात खरवडला जात नाही. किटणाचा जाड थर निघाल्यावर फटी जाणवतात आणि काही दिवस थंड-गरम झोंबते. दात आधीच ढिला झालेला असेल, तर थर निघाल्यावर ते लक्षात येते एवढेच. दोष सफाईचा नसतो, ती उशिरा झाल्याचा असतो.

मधुमेह असेल तर जास्त काळजी

साखर नियंत्रणात नसेल, तर हिरड्यांचा संसर्ग बळावतो आणि हिरड्यांची सूज साखर नियंत्रणात आणणे अवघड करते. त्यामुळे मधुमेहींच्या नियमित तपासणीत डोळे आणि पायांबरोबर हिरड्याही असायला हव्यात. गर्भावस्थेत संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. अशा वेळी डेंटिस्टला टाळू नये, गर्भवती असल्याचे सांगून सल्ला घ्यावा.

रोज काय कराल?

- सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन-दोन मिनिटे फ्लोराइड टूथपेस्टने दात घासा. रात्रीचे घासणे चुकवू नका.
- मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलका फिरवा. जोरात आडवे घासल्याने हिरडी सोलवटते.
- दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही. तिथे फ्लॉस किंवा फटींसाठीचा छोटा ब्रश वापरा.
- ब्रश साधारण तीन महिन्यांनी बदला.
- मिशरी, गुटखा, तंबाखू, सिगारेट सोडा.
- सहा महिने ते वर्षातून एकदा तपासणी करून घ्या.

नीट घासूनही एक-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तोंडाला सतत दुर्गंधी असेल, पू येत असेल किंवा दात हलत असेल, तर लगेच डेंटिस्टकडे जा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना कल्पना द्या.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. बहुतेक आरोग्य विमा योजना दातांचे नेहमीचे उपचार देत नाहीत. पण म्हणूनच वेळेवर केलेली सफाई परवडते. सरकारी दंत महाविद्यालयांत ती कमी दरात होते. हाड झिजल्यानंतरची शस्त्रक्रिया, इम्प्लांट किंवा कवळीचा हिशेब मात्र हजारांत जातो. बेसिनमधला लाल रंग दिसला, त्याच आठवड्यात तपासणी करून घेणे सर्वांत स्वस्त.