हे कशापासून वाचवतं?

माझे वडील तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात २८ वर्षं नोकरीला होते. आमचं घर कुंभवलीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या कुशीतच. पाळी सुटली की रस्त्यावरून सायकली आणि मोटारसायकली जायच्या आणि त्यांच्या हँडलला लटकलेले सेफ्टी शूज दिसायचे. पुढे लोखंडी टोपी असलेले, जड, काळे. बाबांचेही तसेच होते. शिवाय कामावर गमबूट, रबरी हातमोजे, चष्मा आणि अ‍ॅप्रन. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, ते शर्टाला हिरवा बिल्ला लावून घरी यायचे आणि आम्हा भावंडांना त्या दिवशी कारखान्यात काय सांगितलं ते पुन्हा सांगायचे. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे: अ‍ॅसिडजवळ काम करताना पँट गमबुटाच्या बाहेर ठेवायची, आत खोचायची नाही. आत खोचली तर अंगावर उडालेलं अ‍ॅसिड ओघळून थेट बुटात उतरतं, आणि बूट ते पायाशी धरून ठेवतो. ज्यानं वाचवायचं तोच बूट मग पाय जाळतो.

इथे बोस्टनजवळ आपल्या मंडळाचा गिर्यारोहण गट गेली काही वर्षं नियमित डोंगर चढतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण गटात सामानावर चर्चा चालते आणि त्यातून सामानाची जी सक्तीची यादी तयार झाली आहे, तिच्याविरुद्ध मला लिहायचं आहे. ही यादी आपण रद्द करावी आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी आणावं, असं माझं म्हणणं आहे. सामानाच्या चर्चेला मात्र माझा विरोध नाही. सॅकच्या पट्ट्याची शिवण, बुटाच्या तळाचं रबर, जॅकेटचं कापड यांवर मी स्वतः तासन्‌तास बोलू शकतो. चांगल्या बनवलेल्या वस्तूविषयी बोलण्यात सुख असतं आणि त्यात वावगं काही नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी इथे बोस्टनजवळ आमच्याकडे होते. एका शनिवारी रात्री मी तळघरात सॅक भरत होतो. ते खुर्ची ओढून बसले आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारू लागले, ‘‘हे कशापासून वाचवतं?’’ पाण्याचा फिल्टर दाखवला. ओढ्याच्या पाण्यात जंतू असतात, पोट बिघडतं, असं मी सांगितलं. त्यांनी तो बाजूला ठेवला, पसंत. शिट्टी दाखवली. वाट चुकली, पाय मोडला, आवाज बसला, तरी शिट्टी ऐकू जाते. पसंत. मग एक घड्याळ निघालं. ते समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं, हवेचा दाब सांगतं, आणखी बरंच काही सांगतं. ‘‘हे कशापासून वाचवतं?’’ मला उत्तर देता आलं नाही. दोन काठ्यांविषयीही धड सांगता आलं नाही. उतरताना गुडघ्यावरचा भार कमी होतो हे उत्तर मला माहीत होतं, पण दुसऱ्या दिवशीच्या सपाट, तळ्याकाठच्या वाटेवर उतार कुठे होता? बाबांना गिर्यारोहणातलं काही कळत नाही. पण ज्या कामात चुकीच्या बुटामुळे पाय जळतो त्या कामात त्यांची उमर गेली, आणि तिथे प्रत्येक वस्तू एका ठरावीक धोक्याचं उत्तर असते. उगाच कुणी तोंडाला मास्क बांधत नाही.

त्या यादीची पहिली खोट हीच आहे. तिच्यात वस्तू आहेत, धोके नाहीत. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे हवेत, एवढंच लिहिलं आहे. कशासाठी, ते नाही. आणि धोका लिहिला नाही की माणूस वस्तू विकत घेऊन निश्चिंत होतो.

याचा अनुभव मला पहिल्यांदा आला तो इथे नाही, तिकडे. आपली मुलांसह घरी जाण्याची वेळ म्हणजे शाळेची उन्हाळी सुट्टी, म्हणजेच तिकडचा भर पावसाळा. अशाच एका जुलैत मी मुलाला घेऊन अशेरीगडाला निघालो. बोईसरहून चिल्हार फाटा, तिथून महामार्गानं मस्तान नाक्याच्या दिशेला, पायथ्याला खोडकोना. गड मोठा देखणा आहे. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी, गुहेत देवी, आणि पोर्तुगीजांचा मुकुट कोरलेला दगड अजून पडलेला. माझ्या पायात इथून नेलेले महागडे वॉटरप्रूफ बूट होते. बरोबर गावातला एक विशीतला मुलगा घेतला होता. त्याच्या पायात बाजारात मिळणारे साधे प्लॅस्टिकचे पावसाळी बूट, भोकाभोकांचे. पहिल्याच ओढ्यात पाणी पोटरीपर्यंत आलं आणि माझ्या बुटात वरून शिरलं. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून केलेला बूट आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर मी दोन बादल्या पायात घालून चालल्यासारखा चाललो. त्या मुलाच्या बुटातलं पाणी चार पावलांत गळून जायचं. कारखान्यातल्या गमबुटाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि तरीही ती माझ्या बुटाला लावून पाहण्याची बुद्धी मला झाली नव्हती.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट बुटाची नाही. दुपारी उतरताना तोच ओढा पुन्हा लागला. पाणी सकाळपेक्षा फार वाढलेलं दिसत नव्हतं. मी पुढे पाऊल टाकणार तेवढ्यात बरोबरच्या गावातल्या मुलानं माझा दंड धरला. ‘‘थांबा काका. पाणी गढूळ झालंय. वरती पडतोय.’’ आमच्या डोक्यावर तेव्हा पाऊस नव्हता. आम्ही काठावरून वर सरकून एका झाडाखाली बसलो. अर्ध्या तासात ओढ्याला असं पाणी आलं की मधला मोठा दगड दिसेनासा झाला. ते ओसरेपर्यंत दोन तास गेले. माझ्या सॅकमध्ये त्या दिवशी जे जे होतं त्यातलं काहीही त्या पाण्यापासून वाचवणारं नव्हतं. पाण्याचा रंग बघायचा असतो हे ज्याला माहीत होतं त्यानं वाचवलं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्या मंडळींमध्ये याच्या अगदी उलट टोकाचं बोलणंही ऐकू येतं. आपले पूर्वज अनवाणी गड चढले, आपल्याला कशाला हवीत ही थेरं, असं अभिमानानं म्हणणारे लोक आपल्यात आहेत. डहाणूच्या महालक्ष्मीचं उदाहरण तर मी स्वतः कधीकाळी दिलं आहे. चैत्रातल्या जत्रेत मध्यरात्री वाघाडीचा पुजारी देवीच्या डोंगराच्या सुळक्यावर ध्वजा चढवतो. आमच्याकडच्या प्रत्येक मुलानं ही गोष्ट डोळे विस्फारून ऐकलेली असते. पण त्यातून ‘काही नसलं तरी चालतं’ असा अर्थ काढणं म्हणजे त्या पुजाऱ्यावर अन्याय आहे. तो त्याचा डोंगर आहे. त्याला आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांना त्याचा दगड न्‌ दगड ठाऊक आहे. त्याला न्यू हॅम्पशायरच्या डोंगरावर नोव्हेंबरात सुती सदऱ्यावर उभं केलं तर तोही काकडेल, आणि काय घालायचं ते आधी विचारण्याइतका शहाणा तो नक्की असेल. यादीवर विसंबणारा आणि पूर्वजांवर विसंबणारा, दोघेही एकच गोष्ट टाळत असतात. समोरच्या जमिनीकडे बघणं.

इथली जमीन वेगळी आहे. माउंट वॉशिंग्टन फक्त ६,२८८ फूट उंच आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे नऊशे फुटांनी जास्त, पण १२ एप्रिल १९३४ रोजी तिथल्या वेधशाळेनं ताशी २३१ मैलांचा वारा मोजला. तो वारा रोज नसतो. तरीही खाली वाहनतळावर ऊन आणि माथ्यावर गारठा, हा अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांना आहे. घामानं किंवा पावसानं भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब खेचून घेतो. आपल्याकडे मात्र सुती कपडा हाच उन्हापासूनचा आसरा. पालघरच्या ऑक्टोबरच्या उन्हात, तांदूळवाडीच्या चढावर, मी सुतीच घालीन आणि दुसऱ्यालाही तेच सांगीन.

दुसरं, अंधार. कुंभवलीत डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही संध्याकाळी सहापर्यंत दिसतं. अंधार पडण्याची वेळ आपल्या अंगात मुरलेली असते, ती घड्याळ बघून काढावी लागत नाही. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळून जातो. दोन वर्षांपूर्वी आपला गट याच दिवसांत मोनाडनॉकवर गेला होता. मोनाडनॉकचा माथा उघडा खडक आहे. एकोणिसाव्या शतकात लांडग्यांना हुसकावण्यासाठी शेतकऱ्यांनी तिथे आगी लावल्याचं सांगतात, त्यानंतर माती वाहून गेली आणि झाडं पुन्हा आली नाहीत. ओल्या उघड्या खडकावरून अंधारात उतरायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी आम्हाला कळलं. यादीप्रमाणे हेडलॅम्प सगळ्यांजवळ होते. तिघांच्या हेडलॅम्पमधल्या बॅटऱ्या संपलेल्या होत्या. ‘हेडलॅम्प’ या शब्दापुढे सर्वांनी बरोबरची खूण केली होती, पण ‘सूर्यास्त ४.३५’ असं कुणीच कुठे लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर आम्ही दीड तास आधी निघालो असतो.

आणि गोचिडी. लाइम रोगाचं नावच इथून जवळच्या कनेटिकटमधल्या लाइम या गावावरून पडलेलं आहे. गोचीड गवतातून पायावर चढते आणि वर सरकते, म्हणून इथल्या जंगलात पँट मोज्यात खोचायची. म्हणजे बाबांच्या कारखान्यात पँट बाहेर, आणि इथे पँट आत. तीच पँट, तोच पाय, आणि नियम बरोबर उलटा, कारण एका ठिकाणी धोका वरून ओघळतो आणि दुसऱ्या ठिकाणी खालून चढतो. मला आपल्या गटाविषयी जे म्हणायचं आहे ते सगळं या एका पँटीत आहे. नुसता नियम पाठ करून भागत नाही, आणि मोजे पँटीवर चढवायला एक डॉलरही लागत नाही.

पैशाचं मुद्दाम बोलतो, कारण यादीची दुसरी खोट ती आहे. यादीत लिहिलेलं सगळं नवं घ्यायचं तर एका माणसाला काहीशे डॉलर सहज लागतात. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला ते जमत नाही. मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-वडिलांसाठी कुणी तेवढा खर्च करत नाही, आणि ते स्वतः तर करूच देत नाहीत. गेल्या वर्षी दोन मुली कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. चार मैलांची, कोरडी, मे महिन्यातली वाट. त्यांना वाहनतळावरूनच परत पाठवलं गेलं. मीही तिथे होतो आणि गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते. त्या पुन्हा आल्या नाहीत. ज्या वयात माणूस एकटा असतो, हिवाळ्यात खोलीत कोंडला जातो, त्या वयात डोंगराची सगळ्यात जास्त गरज असते. त्यांनाच आपण बुटांवरून घरी पाठवलं.

आता विरोधात काय म्हटलं जाईल ते मला ठाऊक आहे, कारण समितीतल्या काही जणांनी ते मला म्हटलं आहे. एक तर, यादी सैल केली आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची? हा प्रश्न खरा आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणामुळे सुटका करावी लागली तर तिचा खर्च वसूल करता येतो, आणि त्यापासून संरक्षण म्हणून २५ डॉलरचं हाइक सेफ कार्ड मिळतं. ते सर्वांनी घ्यावं. पण निष्काळजीपणा म्हणजे काय? बॅटरी संपलेला हेडलॅम्प जवळ असणं हा माझ्या मते हेडलॅम्प नसण्यापेक्षा मोठा निष्काळजीपणा आहे, कारण त्याच्या भरवशावर माणूस उशिरा निघतो. दुसरं म्हणणं असं की याद्या अनुभवी लोकांनी केलेल्या असतात, आपण त्या बदलणारे कोण. मला वाटतं अनुभवी लोकांनी त्या स्वतःच बदलल्या आहेत. सिअ‍ॅटलच्या माउंटेनिअर्स संस्थेनं १९३० च्या दशकात ज्या दहा आवश्यक वस्तूंची शिकवण सुरू केली, त्यांची मांडणी त्यांनीच २००३ च्या आवृत्तीत बदलली. नकाशा, होकायंत्र, गॉगल अशा सुट्या वस्तूंऐवजी दिशा शोधणं, उन्हापासून बचाव, ऊब अशी कामं लिहिली. म्हणजे त्यांनी बाबांचाच प्रश्न विचारला.

काही गोष्टींवर मात्र तडजोड नको, आणि तिथे मी यादीवाल्यांहून कडक आहे. मार्चमध्ये वाटेवर बर्फाचा कडक थर असतो तेव्हा बुटाखाली मायक्रोस्पाइक्स नसतील तर कुणीही, मीही, वर जाऊ नये. तिथे दुसरा उपाय नाही. थंडीच्या महिन्यांत कोरडा लोकरी किंवा फ्लीसचा थर नसेल त्यानं माथ्याकडे जाऊ नये. पण ते नसेल तर घरी पाठवण्याऐवजी त्याला ते देता आलं पाहिजे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. सक्तीची यादी काढून टाकावी. प्रत्येक चढाईच्या आठवडाभर आधी त्या वाटेचे त्या दिवशीचे धोके तीन-चार ओळींत सगळ्यांना कळवावेत: सूर्यास्त किती वाजता, माथ्यावरचा वारा आणि तापमान, ओढे आहेत का, बर्फ आहे का, गोचिडीचे दिवस आहेत का. प्रत्येक धोक्यापुढे त्याचा उपाय, आणि उपाय बिनपैशाचा असेल तर तो आधी. दुसरं, मंडळानं एक सामायिक पेटी करावी. सहा जोड मायक्रोस्पाइक्स, सहा हेडलॅम्प आणि भरपूर बॅटऱ्या, वेगवेगळ्या मापांचे फ्लीस, पोंचो, शिट्ट्या. आपल्यातल्या बहुतेक घरांत न वापरलेलं सामान कपाटात पडून आहे, माझ्याही घरात आहे. मोनाडनॉकच्या दिवशी अंधारात उतरलेल्या पाच जणांनी मिळून पेटीची सुरुवात केली आहे आणि ती सध्या आमच्या गॅरेजमध्ये आहे. दर चढाईच्या आदल्या रात्री हेडलॅम्प लावून बघण्याचं काम मी घेतो.

आणि तिसरं, घरी गेलात की अशेरी, काळदुर्ग, कोहोज, जिथे जाल तिथे पायथ्याच्या गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला त्याच्या दिवसाचे पुरते पैसे द्या आणि तो थांबा म्हणाला की थांबा. खोडकोन्याच्या त्या मुलाला मी निघताना माझा हेडलॅम्प देऊ केला. त्यानं तो आनंदानं घेतला, लावून पाहिला आणि विचारलं की चार्जिंग किती टिकतं. त्याला नेमका कशासाठी हवा होता तेही त्यानं सांगितलं: रात्री खेकडे पकडायला ओढ्यावर जाताना फुरसं दिसावं म्हणून.

पुढची चढाई नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. सूर्यास्त साडेचारच्या सुमारास, म्हणून आपण सकाळी सातला निघतो आणि दुपारी एकला, माथा गाठला असो वा नसो, परत फिरतो. ज्यांना मायक्रोस्पाइक्स लागतील त्यांनी बुटाचा नंबर बुधवारपर्यंत मला कळवावा. आई-वडील येणार असतील तर त्यांचाही.