पासपोर्टातलं गावकूस

दोस्तहो, घरात पासपोर्ट असेल तर काढा. पानं उलटून बघा. कुठं काही छापलेलं नसेल तर तुम्ही सुटलात. सरकारला तुमची काळजी नाही, तुम्ही दुबईला जा नाहीतर खड्ड्यात जा. पण 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' अशी ओळ छापलेली असेल तर ध्यानात ठेवा, सरकारला तुमची भयंकर काळजी आहे. इतकी, की आखातात कामाला जायचं तर आधी सरकारच्या माणसाने 'जा' म्हणायला हवं. ईसीआर म्हणतात त्याला. ज्याच्याकडे दहावी पासचा कागद नाही त्याच्या पासपोर्टवर ती ओळ पडते.

मी ती पहिल्यांदा नीट वाचली गेल्या पावसाळ्यात, बोर्ली पंचतनला. म्हसळ्यावरून एस.टी.नं उतरलो, वाडीत गेलो, तर मावसभाऊ ओट्यावर बसलेला. हातात पासपोर्टची झेरॉक्स. पासपोर्ट एजंटकडे. पोरगं तेवीस वर्षांचं. शटरिंगचं काम येतं, प्लास्टर येतं. दहावीला गणित आणि इंग्रजी गेलं ते गेलंच. ज्या शाळेत होता तिथं वर्षभर गणिताला मास्तर नव्हता. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं सांगितलं. मास्तर दिला नाही ते सरकार. नापास झाला म्हणून शिक्का मारला तेही सरकार. वर म्हणतं, तुझ्या रक्षणासाठी मारला!

मावशीने बचत गटातून कर्ज काढलंय. एजंटने ऐंशी हजार घेतलेत. पावती नाही. म्हणतो, 'आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर वर्क परमिट करून देतो.'

आता या वाक्यात काय काय भरलंय ते नीट समजून घ्या, कारण तुमच्यातल्या पुष्कळांना समजत नाही. मलाही समजत नव्हतं. मी आपला बी.ए., चेंबूरला राहून क्रांतीवर बोलणारा.

कायदा आहे १९८३ चा. एमिग्रेशन ॲक्ट. त्याप्रमाणे शिक्केवाल्याला अठरा देशांत नोकरीला जायचं तर आधी परवानगी. त्यात सगळा आखात आला, मलेशिया आला, लिबिया-येमेनही आले. परवानगी देणाऱ्या साहेबाचं नाव प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. रीतसर रस्ता असा: मालकाने ई-मायग्रेट नावाच्या सरकारी व्यवस्थेत मागणी नोंदवायची, करार दाखवायचा, एजंट परवानाधारक पाहिजे, त्याने फी घ्यायची ती जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी. विमा सक्तीचा, प्रवासी भारतीय बीमा योजना, दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. मेला किंवा कायमचा अपंग झाला तर दहा लाख. कागदावर वाईट नाही. पण ह्या रस्त्याने पोरगं नेलं तर एजंटला तीस हजार, आणि मालकाला करारातला पगार द्यावा लागणार. मग दोघेही हसतात आणि दुसरा दरवाजा उघडतात. फिरायला जाणाऱ्या शिक्केवाल्याला परवानगी लागत नाही. येण्या-जाण्याचं तिकीट असलं की झालं. माझा मावसभाऊ, ज्याने आयुष्यात रायगड किल्ला बघितला नाही, तो दुबईला 'पर्यटक' म्हणून चाललाय!

तिथं पर्यटक म्हणून उतरला की करार नाही, विमा नाही, नोंद नाही. त्या व्हिसावर काम करणं हाच तिथं गुन्हा. मुदत संपली की यूएईत दिवसाला पन्नास दिरहम दंड चढतो. मजुरी मागितली तर मुकादम म्हणणार, जा पोलिसात. म्हणजे ज्या शिक्क्याने त्याला वाचवायचं, त्याच शिक्क्याला चुकवण्यासाठी त्याला चोरवाटेने नेलं जातं. रक्षण गेलं, ओझं तेवढं त्याच्या डोक्यावर राहिलं.

आणि शिक्का कुणाला नाही तेही ऐका. दहावी पासाला नाही हे सांगितलंच. आयकर भरणाऱ्याला नाही. त्याच्या बायकोला नाही, त्याच्यावर अवलंबून पोरांना नाही. गॅझेटेड अधिकाऱ्याला नाही, त्याच्याही बायकापोरांना नाही. पन्नाशी उलटलेल्याला नाही, म्हणजे अंगातला दम संपला की तुम्ही हवं तिथं जायला मोकळे. हे अक्कल मोजणारं माप आहे का? आयकरवाल्याची बायको चौथी शिकलेली असो, ती शहाणी. गवंडीकाम कोळून प्यालेला माणूस अडाणी. नवऱ्याच्या पुण्याईने बायको शुद्ध आणि बापाच्या पुण्याईने पोरगा. असला नियम आपण कुठल्या ग्रंथात वाचलाय? त्या ग्रंथाची होळी २५ डिसेंबर १९२७ ला आपल्याच जिल्ह्यात, महाडला झाली होती. राख उडून बहुतेक दिल्लीत पडली.

मी असं म्हणत नाही की शिक्का जात विचारून मारतात. जात विचारायची गरज नसते. दहावीच्या आधी शाळा कुणाची सुटते? जमीन कुणाला नाही? खोती मोडायला बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं, कायदा यायला १९४९ उजाडलं. कुळांच्या नावावर जमिनी लागल्या त्या लागल्या. आमच्या वाडीतले बहुतेक कूळ म्हणूनही नोंदलेले नव्हते. दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलायची, नारळ उतरवायचे, त्यावर घर चालायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ ह्याच किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर, बोर्ली, श्रीवर्धन, सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या. भरपाई झाडाच्या मालकाला. झाडावर चढणाऱ्याला काय? सुपारीचं झाड पुन्हा धरायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं चढणाऱ्याने काय हवा खायची? तेव्हापासून वाडीतली पोरं एजंटांचे नंबर फिरवतात. २०२४ च्या ऑगस्टात दिल्लीच्या मंत्रिमंडळाने दिघीला औद्योगिक शहर मंजूर केलं. चांगलं आहे. होईल तेव्हा होईल. बचत गटाचा हप्ता दर महिन्याला आहे.

मोहल्ल्याचं उदाहरण मला हटकून दिलं जातं. 'बघा, मुसलमान कसे गेले, कसे बंगले बांधले.' गेले, खरं आहे. कुवेत, सौदी, मस्कत, पिढ्यान् पिढ्या गेले. पण त्यांनी आपले मामे-चुलते तिकडे नेऊन बसवले, मग त्यांच्यातल्याच कुणीतरी व्हिसा पाठवला, पहिल्या महिन्याची खोली दिली, मुकादमाला दम दिला. बाप मुलाच्या लग्नाला फोनवर हजर राहिला, तेव्हा कुठं त्या बंगल्याला रंग लागला. त्यातलेही किती शिक्केवालेच. त्यांच्यावर जळून आपल्याला काय मिळणार? आपल्या पोराला तिकडे मामा नाही, म्हणून एजंट मामा बनवतो, एवढाच फरक.

'प्रोटेक्टर' हा शब्द मला झोपू देत नाही. हा शब्द आजचा नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गिरमिटावर माणसं भरून नेली, त्यात कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची पुष्कळ होती. मुंबई बंदरातून गेली. आज मॉरिशसला मराठी आडनावं भेटतात ती त्यांची. तेव्हाही बंदरावर एक प्रोटेक्टर असायचा! मजुराने राजीखुशीने अंगठा दिला असं तो लिहून द्यायचा आणि जहाज सुटायचं. नाव, बापाचं नाव, वय, जात, सगळं नोंदवलेलं. ती दफ्तरं मॉरिशसच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आजही आहेत. १९१७ ला गिरमिट थांबलं, १९२२ ला इंग्रजाने कायदा केला, १९८३ ला आपल्या सरकारने केला. प्रोटेक्टर मात्र खुर्चीत तसाच. २०१९ आणि २०२१ ला नव्या कायद्याचे मसुदे निघाले आणि मसुदेच राहिले.

ह्याच रक्षणकर्त्या सरकारने २०२० च्या सप्टेंबरात काय केलं माहीत आहे? आखातात जाणाऱ्या मजुरासाठी ठरवलेली किमान मजुरी, जिच्याखाली करार मंजूर होत नाही, ती तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवली. कोविडात माणसं रिकाम्या हाताने परतत होती, तेव्हा. कारण काय, तर आपला मजूर महाग झाला तर बाजार दुसऱ्या देशाकडे जाईल. म्हणजे रक्षण आपल्या पोटाचं नव्हतं, बाजाराचं होतं. बोंब झाली, मामला तेलंगणाच्या हायकोर्टात गेला, २०२१ च्या जुलैत हुकूम मागे घेतला. लढले ते तेलंगणाचे. महाराष्ट्रातून कुणी ब्र काढल्याचं मला तरी आठवत नाही. आपण तेव्हा कुणाचा फोटो कुठल्या बाजूला लावायचा ह्यावर भांडत होतो.

आणि २०१८ चा जानेवारी. दिल्लीने जाहीर केलं की शिक्केवाल्यांचा पासपोर्ट नारिंगी रंगाचा करणार. बाकीच्यांचा निळा. लांबून ओळखू यावं! गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधलेल्यांच्या नातवंडांना रंगाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. ओरड झाली आणि ३० जानेवारीला तो बेत गुंडाळला. रंग गेला, ओळ राहिली.

गंमत बघा. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं सांगणारे कोण होते? विलायतेहून आल्यावर गोमूत्र पिऊन प्रायश्चित्त घेणारे कोण? आम्हाला सिंधुबंदी कधीच नव्हती, आमचा धर्म आधीच बुडालेला. आता त्यांचीच पोरं कॅलिफोर्नियात. आमच्या तालुक्याचं गाव श्रीवर्धन, तिथल्या देशमुखी करणाऱ्या भटाच्या घरचा बाळाजी विश्वनाथ घाटावर गेला आणि १७१३ ला पेशवा झाला. ह्या किनाऱ्यावरून पोटामागे बाहेर पडलेला सगळ्यात नशीबवान इसम! त्याला कुणी विचारलं नाही, बाबा, चेक रिक्वायर्ड का नॉट रिक्वायर्ड.

२०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली. दुसऱ्या दिवशी पेपरांची पहिली पानं रडत होती. रडा. ते हालही खरे आहेत, आपलीही दोन-चार पोरं त्यात असतील. पण १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफमध्ये मजुरांच्या इमारतीला आग लागली, चाळीसहून जास्त भारतीय गुदमरून मेले. पेट्या विमानाने आल्या, फोटो निघाले, संपलं. एका इमारतीत इतकी माणसं का कोंबली होती, हा प्रश्न पेट्यांबरोबर गाडला.

आता आपल्याकडे वळतो. चळवळीतल्या शिकलेल्यांनो, रागावू नका. नाही, रागवाच. आपण परदेश म्हटलं की कोलंबिया म्हणतो. बाबासाहेब १९१३ ला गेले, म्हणून आपल्या डोळ्यांसमोर विद्यापीठच येतं. ते यावंच. त्यासाठी भांडलंच पाहिजे. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या जागा १२५, राज्याच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीच्या ७५. २०२२ ला केंद्राने नियम बदलला, भारताची संस्कृती, इतिहास, समाज ह्या विषयांवर बाहेर जाऊन शिकायला पैसा नाही. म्हणजे ऑक्सफर्डला जा, पण जातीवर अभ्यास करू नका! ह्याच्यावर आपण निवेदनं दिली, लेख लिहिले, बरोबर केलं. पण दोनशे जागांसाठी जेवढी शाई आटवली त्याच्या शतांश शाई ह्या ईसीआरवाल्या पोरांसाठी आटवली का? माझ्या तरी कुठल्याच अंकात नाही. मीही लिहिलं नाही. मला वाटायचं हा केरळवाल्यांचा प्रश्न.

परदेशी जायचा हक्क जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९६७ ला सांगितलं, १९७८ ला पुन्हा ठासून सांगितलं. पहिल्या खटल्यात एक धंदेवाईक माणूस, दुसऱ्यात माजी पंतप्रधानांची सून. कलम एकवीस ज्या समितीने लिहिलं तिचा अध्यक्ष कोण होता ते तुम्हाला सांगायला नको. त्या कलमाखाली माझ्या मावसभावाचं नाव कधी लागणार?

कुणी म्हणेल, शिक्का काढला तर मालकांना रान मोकळं होईल. अरे, आज बांधलेलं आहे का? चेक माणसाचा कशाला करता, मालकाचा करा, एजंटचा करा. करार मराठीत द्या, विमानात चढायच्या आधी घरी वाचून दाखवता येईल असा. विमा पासपोर्टच्या ओळीला बांधू नका, कामाला बांधा. दहावी नापासाला आणि आयकरवाल्याला एकच पासपोर्ट. तीस वर्षांखालच्या शिक्केवाल्या बाईला तर तिकडे नोकरीला जायची परवानगीच देत नाहीत. तिच्याबद्दल पुढच्या अंकात तिनेच लिहावं, मी लिहिणार नाही.

मी मावसभावाला 'जाऊ नको' म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? इथं काय ठेवलंय त्याच्यासाठी? एवढंच म्हटलं, व्हिजिटवर जाऊ नको. तो म्हणाला, 'दादा, मग तू सांग कशावर जाऊ.' मी गप्प बसलो. त्या रात्री मावशीने बोंबलाचं कालवण केलं होतं, ते घशाखाली उतरलं नाही.

मुंबईला परत येऊन दोन गोष्टी कळल्या. एक, परवानाधारक एजंटांची यादी सरकारकडे असते आणि कुणालाही बघता येते. आमचा एजंट तीत नाही. दोन, पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तसं लिहिलेलं आहे. कुणाही खाजगी माणसाला तो गहाण ठेवून घ्यायचा हक्क नाही.

येत्या सोमवारी सकाळी अकराला आम्ही एजंटच्या हापिसात जातोय. पासपोर्ट आणि ऐंशी हजार, दोन्ही मागायला. वाडीतली चार पोरं एस.टी.नं येणार आहेत, त्यांतल्या दोघांचे पासपोर्ट त्याच कपाटात आहेत. मोहल्ल्यातले एक चाचा येतो म्हणाले, त्यांचा पुतण्या असाच अडकला होता. कायद्याचा कागद मी घेतो. तुमच्यापैकी वकिली शिकणारं कुणी असेल तर दहापर्यंत कुर्ला स्टेशनला तिकीट खिडकीपाशी भेटा.