कथा लहान, पडदा मोठा

एर्लांगेन विद्यापीठातील प्राध्यापक फ्रीडरिश र्‍युकर्ट यांनी १८२८ साली महाभारतातील नलोपाख्यान जर्मन पद्यात आणले. अफाट महाकाव्यातून एक आख्यान वेगळे काढले. मराठी चित्रपटापुढील पेच नेमका उलटा आहे: चिमुकल्या कथेतून दोन तासांचा ऐवज उभा करण्याचा. अमोल पालेकरांच्या ‘कैरी’ला जी. ए. कुलकर्णींची एकच कथा पुरली. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’त (२००९) मात्र चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ला राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांची जोड मिळाली. पट रुंदावला, सामाजिक प्रश्नावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. गाणी तर घरोघरी पोहोचली. कथाकार मागेच राहिला. देवनागरी न वाचणाऱ्या परदेशस्थ पिढीला ‘दर्शन’ भेटेल ती उपशीर्षकांतूनच. तेव्हा श्रेयनामावलीतील त्याचे नाव निसटते असून कसे चालेल?