अर्ज छापण्याआधी

जुन्नरच्या तहसील कचेरीत जायचे असो की आंबेगाव तालुक्यासाठी घोडेगावला, वाट झेरॉक्सच्या दुकानावरूनच जाते. (मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले, अर्जावर तालुका म्हणून मात्र त्याचेच नाव लिहायचे.) दाखल्यातली नावदुरुस्ती, वारसनोंद, शिष्यवृत्ती यांचे अर्ज हल्ली घरची मुलेमुलीच संगणकावर टाइप करतात, याचा आम्हाला आनंद आहे. घोटाळा होतो तो छापताना.

नोटपॅडमध्ये मजकूर लिहून थेट ‘प्रिंट’ दाबले, तर सहसा कागदाच्या माथ्यावर फाइलचे नाव आणि तळाला पान क्रमांक आपोआप उमटतो. साहेबांना द्यायच्या अर्जावर ‘अब्बा अर्ज नवीन २’ असे छापून आलेले बरे दिसत नाही. ‘पेज सेटअप’मध्ये हेडर आणि फूटरच्या चौकटी रिकाम्या कराव्यात. तिथेच कागद ‘ए-फोर’ निवडावा. ‘लेटर’ हा अमेरिकी कागद उंचीला सुमारे १८ मिलिमीटर आखूड. तो राहिला तर सहीची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर जाऊ शकते.

त्याहून मोठी अडचण फाँटची. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फाँटमधला मजकूर आत रोमन चिन्हांच्या जागी साठवलेला असतो. दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसला की ‘तांबोळी’च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये अक्षरे टिकतात, पण फाँट बदलला की ओळी सरकतात. निकाहाच्या दावतनाम्यावरची नस्तालिक उर्दू ओळही मग साध्या नस्खमध्ये छापली जाते.

यावर उपाय एकच, घरीच पीडीएफ करून नेणे. विंडोज १० पासून प्रिंटरच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ असतो. खरा प्रिंटर जोडलेला नसला तरी चालते. फाँट फाइलबरोबरच जातो.

ती पीडीएफ उघडून घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. दादीला, खालाला खरी नावे ठाऊक असतात. मोहम्मद की महंमद, शेख आधी की शेवटी, हे जुन्या दाखल्याशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. घरी दोन्ही चालतात. कचेरीत एका माणसाची दोन माणसे होतात आणि नावदुरुस्तीच्या अर्जालाच नावदुरुस्ती लागते.

फाइल दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, तर छापून झाल्यावर ती आपल्यासमोरच पुसायला सांगावी. बहिणींनी यात मुळीच संकोच करू नये.